शेपटीचं चाक

चाक एवढंसं. जुन्या चार आण्यापेक्षा जरा मोठं.
सन्मती चौगुलेनं ते कुपवाडहून रुमालात बांधून आणलं
आणि आमच्या पाटावर ठेवलं,
कापून वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या मधे.

"मेहबूबकाका, शेपूट घासत चालतंय विमान.
कवलापूरच्या खडीवर खालचं लाकूड झिजून गेलं.
तुमच्याकडं तार असती ना?"

तार असते. मिरजेत, आमच्या गल्लीत,
तारेशिवाय दुसरं असतं काय?
पण तंबोऱ्याची तार केसाएवढी.
तिच्यावर सूर उभा राहतो, विमान नाही.
इथं दोन मिलिमीटरची हवी, पोलादी, ताठ.

कोपऱ्यात अब्बांची सायकल.
झटका आल्यापासून भिंतीला टेकलेली.
मी विचारलं नाही. त्यांनीच
मागच्या चाकाकडं हनुवटी केली.
"एक काढ. फिरतंय कुठं आता ते."

स्पोक वाकवायचा तो एकदाच.
कोन आधी डोक्यात वाकवायचा, मग पकडीत.
चुकला म्हणून परत सरळ करायला गेलात
तर पोलाद आतल्या आत रुसतं,
वरून काही दिसत नाही,
आणि विमान टेकताना नेमकं तिथंच तुटतं.
पहिला मी असाच घालवला.
अब्बा बोलले नाहीत. परत हनुवटी केली.

दुसऱ्याला मधे एक वेटोळं दिलं, दणका गिळायला.
वरचं टोक रडरमध्ये,
म्हणजे पातं डावीकडं वळलं की चाकही डावीकडं.
हे सन्मती मला तीनदा समजावून सांगत होता.
मला पहिल्यांदाच कळलं होतं, पण
त्याला सांगताना बघायला बरं वाटत होतं.

अब्बांनी बाल्साची पट्टी हातात घेतली.
सारी उमर तुणाच्या लाकडात काढलेला माणूस.
"हे लाकूड?"
नखानं वाजवून बघितलं. पापड वाजला.
"याच्यातून काय नाद निघणार,"
म्हणाले, पण खाली ठेवली नाही.

मग बांधणी.
घोडीवर तारेखाली सरकवतो तोच रेशमी दोरा,
एकाला एक चिकटून बावीस वेढे,
वर गोंदाचा थेंब.
अब्बांच्या उजव्या हातात हल्ली चहा देत नाही आम्ही,
बशी वाजत राहते.
पण गाठीवर अंगठा द्या म्हटलं, दिला.
गोंद धरेपर्यंत तो अंगठा हलला नाही.
सन्मती मोबाईलवर सेकंद मोजत होता.
मी मोजत नव्हतो.

चाक, तार, दोरा, गोंद: अठरा ग्रॅम.
शेपटीत अठरा वाढले
तर नाकात पन्नासेक घालावे लागतात, असा हिशेब.
हरिपूरच्या घाटावर एक ओळखीचा कोळी,
त्यानं जुन्या जाळ्याचं शिसं दिलं.
पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचललं,
नाक खाली, शेपूट खाली, नाक,
आणि मग कुठंच नाही.
दोन तारा एका सुरात आल्या
की मधली थरथर जाते, तसं.

रविवारी कवलापूर.
जुन्या धावपट्टीवर शेळ्या, भेगांतून एरंड.
अब्बा रिक्षातून उतरले नाहीत,
बरा कान तेवढा बाहेर काढून बसले.

विमान सुटलं, सरळ धावलं, फाटा नाही फुटला.
आणि आधी उचललं गेलं ते शेपटीचं चाक.
ज्याच्यासाठी तीन दिवस घातले
ते सगळ्यांच्या आधी जमिनीवरून सुटलं,
बाकीचं विमान मागाहून गेलं.

साडेचार मिनिटं.
मग दोन उड्या, तिसरी छोटी,
खडीवर खरखर, आणि
"उतरलं! उतरलं!" सन्मती शेळ्यांतून पळत सुटला.

विमान आणून त्यानं अब्बांच्या मांडीवर ठेवलं.
त्यांनी शेपूट कानाशी नेली,
स्पोक नखानं छेडला,
डोळे मिटून थांबले.

"जरा उतरलीय," म्हणाले.